‘ड्रंकन मास्टर’चा दुसरा भाग : मार आणि त्याचा हिशेब

कुंग-फूच्या चित्रपटावर लेख, आणि तोही एका निवृत्त नर्सने लिहिलेला, हे पाहून आपल्यातील काही भगिनी नाक मुरडतील. मारामारीचे सिनेमे म्हणजे पोरांचा धिंगाणा, त्यांत लिहिण्यासारखे काय असते, असे पुष्कळांचे मत आहे. परंतु घरोघरी नातवंडे हे चित्रपट पाहतात, एकदा नव्हे दहादा पाहतात, आणि आपण शेजारच्या खोलीतून ‘आवाज कमी करा रे’ एवढेच ओरडतो. मुलांच्या डोळ्यांपुढे जे तासन्‌तास असते ते चांगले की वाईट, आणि चांगले असेल तर कशामुळे, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावयास नको काय? म्हणून या जातीच्या चित्रपटांपैकी ज्याला जाणकार पहिल्या पंक्तीत बसवतात असा एक चित्रपट मी नीट पाहिला, काही भाग थांबवून थांबवून पुन्हा पाहिले, आणि जे वाटले ते येथे मांडत आहे.

हा चित्रपट म्हणजे जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर टू’. तो १९९४ च्या फेब्रुवारीत, चिनी नववर्षाच्या सुमारास, हाँगकाँगमध्ये लागला. १९९५ साली हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत मारामारीच्या उत्कृष्ट बांधणीचे पारितोषिक त्याला मिळाले, आणि २००५ साली ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने आजवरच्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांची जी यादी छापली, तीतही त्याचे नाव होते. मारामारीला ‘बांधणी’ कसली, असे कोणी विचारील. नाचाला जसा नृत्यदिग्दर्शक लागतो तसाच या चित्रपटांना मारामारी बसवणारा लागतो. कोणता हात केव्हा उठावा, कोण कोठे पडावा, पडताना मागे टेबल असावे की पायरी, हे सारे आधी ठरवून, महिनोन्‌महिने तालीम करून मग चित्रित होते. पडद्यावर जी अंदाधुंदी दिसते तिच्यात एकही पाऊल अंदाजाने पडलेले नसते.

दुसऱ्या भागाविषयी बोलण्यापूर्वी पहिल्याविषयी थोडे सांगावयास हवे. ‘ड्रंकन मास्टर’ १९७८ साली आला. दिग्दर्शक होते युएन वू-पिंग, आणि नायकाला दारूड्याची मुष्टिविद्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरूचे काम त्यांच्याच वडिलांनी, युएन सिउ-तिएन यांनी केले होते. कथा साधी होती. वाँग फेई-हुंग हा उनाड पोरगा बापाचे ऐकत नाही. बाप त्याला या विक्षिप्त गुरूच्या हवाली करतो. गुरू त्याला पाणी भरायला लावतो, उलटे टांगतो, हाडे खिळखिळी करतो आणि अखेर आठ दारूड्या देवतांचे आठ डाव शिकवतो. आठवा डाव एका स्त्री-देवतेचा. तो बायकी म्हणून पोरगा शिकायचे टाळतो आणि शेवटच्या लढाईत नेमकी त्याचीच गरज पडते. हसून हसून पुरेवाट होते. पण चित्रपटाचा प्रश्न एकच आहे : विद्या कशी मिळवावी?

सोळा वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागाने तोच प्रश्न पुन्हा उगाळला नाही, हे त्याचे पहिले मोठेपण. दुसरे भाग बहुधा पहिल्याची शिळी भाजी असतात. तिला पुन्हा फोडणी दिलेली असते इतकेच. येथे नायकाला विद्या आधीच येते. शिकवणीचा एकही लांबलचक प्रसंग नाही. येथला प्रश्न असा, की ही विद्या वापरावी केव्हा, आणि मुख्य म्हणजे थांबावे केव्हा? कारण ही विद्या दारूवर चालते. बाप मुलाला बजावतो, की ज्या पाण्यावर नाव तरते त्याच पाण्यात ती बुडते. प्यायला सुरुवात करणे आपल्या हाती असते, थांबणे नसते, ही बापाची खरी भीती आहे. माझ्या मते हा चित्रपट या एका भीतीवर उभा आहे, आणि त्यातली प्रत्येक मारामारी तीच भीती एकेक पायरी पुढे नेते.

कथानक थोडक्यात असे. फेई-हुंग आगगाडीने घरी निघाला आहे. जकात चुकवण्यासाठी तो आपल्याजवळचे औषधी जिन्सेंग मूळ ब्रिटिश वकिलातीच्या सामानात लपवतो, आणि परत घेताना पेट्यांची अदलाबदल होते. हाती येते ती चीनच्या बादशाही अमलातली मौल्यवान मोहोर, जी वकिलातीचे लोक चोरून देशाबाहेर नेत असतात. पुढे त्या मोहरेसाठी झटापटी होतात, आणि त्याच वकिलातीच्या लोकांच्या पोलादाच्या कारखान्यात मजुरांची पिळवणूक चालू असल्याचेही उघडकीस येते. इतिहास म्हणून हे कोणी पाहू नये. खरा वाँग फेई-हुंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेला, कँटनकडचा. नावाजलेला कुंग-फूचा उस्ताद आणि त्याबरोबरच वैद्य. ‘पो ची लाम’ या नावाचा त्याचा दवाखाना होता. मोडलेली हाडे बसवणे, मुकामारावर लेप देणे हा या उस्तादांचा जोडधंदाच असे. आपल्याकडच्या तालमीतला वस्ताद आणि हाडवैद्य एकच असावेत, तशातला प्रकार. १९४९ पासून क्वान ताक-हिंग या नटाने सत्तरांहून अधिक चित्रपटांत त्याची भूमिका केली. म्हणजे हाँगकाँगच्या प्रेक्षकाला तो घरचाच माणूस होता. ज्या नायकाच्या घरात दवाखाना आहे, त्याच्या चित्रपटात मार आणि जखम यांचा हिशेब एकत्र मांडला जावा अशी अपेक्षा करणे गैर नाही, आणि बहुतांश भागात तो मांडलेला आहे.

आता पहिली मोठी मारामारी घ्या. ती उभ्या असलेल्या आगगाडीच्या खाली आहे. डब्याचे बूड आणि रूळ यांच्यामधल्या जागेत उभे राहता येत नाही. नायक आणि भाला घेतलेला एक वयस्क मांचू अधिकारी वाकून, गुडघ्यांवर, पाठीवर सरपटत लढतात. भाला लांब, जागा आखूड. त्यामुळे प्रत्येक वाराला चाके आडवी येतात. जागेनेच मारामारीला आकार दिला आहे. दोघेही एकमेकांना चोर समजत असतात, पण लढता लढता एकमेकांची विद्या ओळखू लागतात. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबासारखे ते चालते. एकाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने त्याच तालात उत्तर द्यायचे.

तो वयस्क अधिकारी म्हणजेच चित्रपटाचे दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग. त्यांची गुरुपरंपरा ऐकण्यासारखी आहे. खऱ्या वाँग फेई-हुंगचा शिष्य लाम साई-विंग. लाम साई-विंगचे शिष्य लाउ चाम. आणि लाउ चाम हे या दिग्दर्शकाचे वडील. म्हणजे ज्या पुरुषाची कथा पडद्यावर चालली आहे, त्याचीच विद्या तीन पिढ्यांनी यांच्या हातात आली होती. ‘शॉ ब्रदर्स’ या कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षे मारामाऱ्या बसवल्या आणि १९७८ साली ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ हा गाजलेला चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांना विद्येची शुद्धता प्रिय. याउलट जॅकी चॅन लहानपणी पेकिंग ऑपेराच्या शाळेत दहा वर्षे तयार झालेला. कोलांट्या, ताल आणि प्रेक्षकांना हसवणे हे त्याचे रक्त. मारामारीच्या बांधणीवरून या दोघांचे पटले नाही, लाउ अर्ध्यावरून निघून गेले, आणि कारखान्यातली शेवटची लढाई जॅकी चॅनने स्वतः पुरी केली. लाउ यांनी त्याच वर्षी, जॅकी चॅनशिवाय, ‘ड्रंकन मास्टर थ्री’ काढला. २०१३ साली ते वारले.

दोन सुगरणींनी एकाच चुलीवर स्वयंपाक करावा आणि अर्ध्यावर भांडावे, तरी ताट मात्र सुग्रास निघावे, असे येथे झाले आहे. या भांडणाचा चित्रपटाला तोटा झाला असे मला वाटत नाही. सुरुवातीला विद्येचा मान आहे, मध्यावर गर्दीची लढाई आहे आणि शेवटी नुसते शरीर उरते. हा उतार दोन हातांमुळे अधिक ठळक झाला आहे.

दुसरी मारामारी बाजारातली. फेई-हुंगची सावत्र आई खलनायकांच्या माणसांशी अडली आहे. हे काम अनिता मुईने केले आहे. प्रत्यक्षात ती जॅकी चॅनहून नऊ वर्षांनी लहान, आणि बापाचे काम करणारा टी लुंग जॅकीहून अवघा आठ वर्षांनी मोठा! तरीही तिची ती नवऱ्यापुढची सोज्वळ सून आणि पाठ फिरताच माहजाँगच्या डावाला बसणारी बिलंदर बाई इतकी झकास आहे, की वयाचा हिशेब कोणाच्या मनात येत नाही. बिचारी २००३ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने चाळिसाव्या वर्षीच गेली. (भगिनींनो, या रोगाची तपासणी सोपी असते आणि वेळेवर कळले तर इलाज होतो. एवढे नर्स म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.)

तर बाजारात ही आई मुलाला चिथावते, की दाखव तुझी दारूची विद्या! आणि तिच्या मैत्रिणी दुकानातल्या बाटल्या हवेत फेकू लागतात. फेई-हुंग एका हाताने ठोसा मारतो, दुसऱ्या हाताने बाटली झेलतो, घोट घेतो, झोकांड्या खातो आणि त्या झोकांडीतच पुढचा वार चुकवतो. लोक टाळ्या पिटतात. ही बांधणी नीट पाहा. बाटली दर वेळी दुसऱ्याच्या हातून येते. नायक एकदाही स्वतः उठून दारू आणायला जात नाही. वॉर्डात मी जेवढे दारूडे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशीच झाली होती. कोणीतरी हौसेने हाती पेला दिला, कोणीतरी टाळी वाजवली, ‘हा प्यायला की काय रंगतो!’ असे कोणीतरी म्हणाले. हे सांगायला चित्रपटाने एकही वाक्य खर्चिले नाही. बाटल्या फेकणाऱ्या हातांनीच ते सांगून टाकले आहे.

आणि लगेच त्याचे फळही दाखवले आहे. बाप येतो. मुलाला मारतो, तमाशा झाला म्हणून, वचन मोडले म्हणून. मुलाचा हात आता त्याच्या ताब्यात राहिलेला नाही. घराबाहेर काढलेला फेई-हुंग एकटाच पीत बसतो, आणि शत्रूची माणसे त्याला झोडपून, कपडे काढून, चारचौघांत टांगून ठेवतात. बाजारातल्या मारामारीत ज्या झोकांड्या विद्या होत्या, त्याच झोकांड्या येथे निव्वळ झोकांड्या आहेत. तोच नट, त्याच हालचाली. पण या वेळी तो पडतो तेव्हा उठत नाही. इतकी प्रामाणिक गोष्ट मी मारामारीच्या दुसऱ्या चित्रपटात पाहिली नाही.

येथे दारूड्याच्या विद्येविषयी दोन शब्द. प्यालेला माणूस कसा चालतो हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तो पाय फाकून टाकतो, वळताना तोल जातो, आणि पडताना हात पुढे करायला त्याला उशीर होतो; म्हणून त्याचे दात, नाक, खुब्याचे हाड मोडते. दारू मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला झोपवते. जॅकी चॅन नेमके उलटे करतो. चेहरा, मान आणि खांदे दारूड्याचे, पण पायांचे तळवे शुद्धीवर. पेला धरल्यासारखी अंगठा आणि तर्जनीची गोलाई, लोंबणारे मनगट, मागे कलंडलेले धड, आणि त्याखाली खांबासारखे पाय. तो पडतो तेव्हा खांदा आधी टेकतो, डोके कधीच टेकत नाही. ही त्याच्या अंगातली दहा वर्षांची शाळा आहे. कॅमेरा लांब ठेवला आहे, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. त्यामुळे फसवायला जागा कमी. आजकालच्या चित्रपटांत ठोसा दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि चित्र हलते. येथे ठोसा निघतो कोठून, बसतो कोठे, हे आजीलाही चष्म्याशिवाय कळावे!

दारूने आणखी एक होते, ते म्हणजे वेदना बोथट होते. गळपट्टीचे हाड मोडलेला माणूस अपघात विभागात माझ्याशी हसून गप्पा मारताना मी पाहिला आहे. सकाळी उतरल्यावर तोच माणूस लहान मुलासारखा रडला. फेई-हुंगच्या विद्येचे गुपित हेच आहे, की प्यायल्यावर मार लागल्याचे त्याला कळत नाही. मार लागत नाही असे चित्रपट म्हणत नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरी लढाई चहाच्या दुमजली दुकानातली. कुऱ्हाडी घेतलेली टोळी माणसांच्या लोंढ्यासारखी आत घुसते. फेई-हुंग आणि तो वयस्क अधिकारी दोघेच. टेबले, बाके, कठडे, जिना, जे हाताला लागेल ते शस्त्र. एका जाड बांबूची टोके फाटून त्याच्या कामट्या होतात, आणि तो फाटका बांबूच सर्वांत नामी हत्यार ठरतो. गर्दीची मारामारी बसवणे फार कठीण, कारण मागचे लोक आपली पाळी येईपर्यंत नुसते नाचत राहिलेले दिसतात. येथे तसे होत नाही. जागा अरुंद, जिना एक, म्हणून सर्वांना एकदम येताच येत नाही. पुन्हा जागेनेच खरेपणा आणला. आणि ही लढाई संपते ती विद्येने नव्हे. त्यानंतर त्या वृद्ध अधिकाऱ्याला गोळी लागते. तीन पिढ्यांची विद्या एका काडतुसापुढे संपते. लाउ कार-ल्युंग यांनी हे मरण स्वतःवर ओढवून घेतले, याला काहीतरी अर्थ असावा असे मला वाटते.

आपल्या देशात मुले क्राव मागा शिकतात. इमी लिश्टेनफेल्ड यांनी घडवलेल्या त्या विद्येचे तत्त्व असे, की झगडा शक्य तितक्या लवकर संपवावा आणि निसटावे. त्यात शोभा नाही, आणि असू नये. त्यामुळे आमच्या घरातला एक नातू विचारतो, की हा माणूस एकाच फटक्यात का संपवत नाही? त्याला मी सांगितले, की बाबा, क्राव मागा जीव वाचवण्यासाठी आहे आणि ही मारामारी गोष्ट सांगण्यासाठी. कीर्तनकार एका ओळीत कथा संपवू लागला तर मंडपात कोण बसेल? मात्र लांबवलेल्या मारामारीला एक अट आहे. दहाव्या मिनिटाचे शरीर पहिल्या मिनिटाच्या शरीरापेक्षा थकलेले, दुखावलेले दिसले पाहिजे. नाहीतर मुले समजतात की माणूस म्हणजे कापसाचे पोते. कितीही बडवा, पुन्हा फुगते.

शेवटची लढाई ही अट पुरी करते. पोलादाचा कारखाना, निखाऱ्यांनी भरलेली भट्टी, साखळ्या, ठिणग्या. समोर केन लो, जो प्रत्यक्षात जॅकी चॅनचा अंगरक्षक होता. त्याचा एक पाय हवेत उचललेला राहतो आणि त्याच पायाने तो छातीवर, गालावर, गुडघ्यावर लाथांची सरबत्ती करतो. कॅमेरा किंचित सावकाश चालवून ही गती वाढवलेली असते हे मला ठाऊक आहे; तरी पाय तेथवर उचलून तेथेच ठेवणे कॅमेऱ्याने होत नाही. नायक हरत जातो. लाथ चुकवताना त्याचे हात जड झालेले दिसतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच घेतला जातो. आणि मग तो निखाऱ्यांवर पडतो. हे निखारे खरे होते. जॅकी चॅन खरोखरच त्यांवरून पाठीमागे सरपटला, आणि शेवटी नामावलीबरोबर जे फसलेले तुकडे दाखवतात त्यांत त्याच्या भाजण्याची दृश्ये आहेत.

हे तुकडे पाहून माझ्या मनात दोन विचार येतात. भाजलेल्या कातडीचे ड्रेसिंग ज्याने बदलले आहे, त्याला करमणुकीसाठी कोणी निखाऱ्यांवर पडावे हे आवडणे शक्य नाही. १९८६ साली दुसऱ्या एका चित्रपटासाठी, युगोस्लाव्हियात, झाडावरून पडून याच माणसाची कवटी फुटली होती. आणि नटाचे नाव तरी होते. त्याच्याबरोबर पायऱ्यांवरून गडगडणाऱ्या साथीदारांची नावे कोण वाचतो? हा एक विचार. दुसरा असा, की हे तुकडे दाखवले हे बरेच झाले. टाळ्या वाजवणाऱ्या मुलाला घरी जाण्यापूर्वी कळते, की हे दुखते. चित्रपटाने हिशेबाची वही उघडी ठेवली.

मग वही बंद कोठे झाली, ते आता सांगते. निखाऱ्यांनंतर फेई-हुंगला कोणी बाटली फेकत नाही. कारखान्यात वापरण्याचे औद्योगिक अल्कोहोल तो स्वतःच तोंडाला लावतो. बाजारात दुसऱ्याचे हात, मग एकटे बसून पिणे, आणि आता विष आहे हे ठाऊक असून पिणे. इतकी व्यवस्थित पायऱ्यांची उतरण क्वचितच पाहावयास मिळते. त्याच्या अंगात वारे शिरते, तोंडातून बुडबुडे निघतात, सगळे डाव वेडेवाकडे होतात, आणि केन लोच्या लाथा निष्प्रभ ठरतात. ही काही मिनिटे जॅकी चॅनच्या आयुष्यातली सर्वोत्कृष्ट आहेत असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे.

परंतु औद्योगिक अल्कोहोल म्हणजे काय? त्यात बहुधा मिथेनॉल असते. ते पोटात गेल्यावर प्रथम साध्या दारूसारखेच वाटते. मग बारा ते चोवीस तास काही फारसे कळत नाही. तोवर यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल करते, आणि ते आम्ल डोळ्याची शीर जाळते. रोगी म्हणतो, डोळ्यांपुढे धुके आले, सगळीकडे बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसते. मग अंधार. मग श्वास. विशेष म्हणजे त्यावर उतारा म्हणून साधी दारूच दिली जाते, म्हणजे यकृत तिच्यात गुंतून राहते आणि विष तसेच धुऊन काढता येते. आता त्यासाठी वेगळे औषधही निघाले आहे. ज्यांनी मुंबईची दारूबंदी पाहिली, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हातभट्टीच्या गोष्टी ठाऊक आहेत. आणि हे जुने झाले असेही नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत असल्याच विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. त्यांत कोणी कुंग-फू करीत नव्हते. दिवसभर राबून आलेले गरीब लोक होते, कारखान्यातल्या त्या मजुरांसारखेच.

मूळ हाँगकाँगच्या प्रतीत चित्रपट येथे थांबत नाही. विजयानंतर सत्काराचा लहानसा प्रसंग आहे, आणि त्यात फेई-हुंग आंधळा आणि बुद्धी गेलेला असा समोर येतो. आणि हे सारे विनोद म्हणून! प्रेक्षकांनी हसावे अशी अपेक्षा आहे. २००० साली अमेरिकेत हा चित्रपट इंग्रजी आवाजात ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने आणला, तेव्हा हा प्रसंग कापून टाकला. तेथे नायक जिंकतो आणि गोष्ट संपते. आपल्या नातवंडांनी जी प्रत पाहिली असेल ती बहुधा हीच.

बहुतेक लोक म्हणतात, बरे झाले कापले; आंधळ्याची थट्टा कशाला? थट्टा वाईटच आहे, मीही म्हणते. ज्याने आंधळ्या रोग्याचा हात धरून त्याला पहिल्यांदा न्हाणीघरापर्यंत नेले आहे, त्याला त्यावर हसू येणार नाही. पण या दोन वाइटांत अधिक वाईट कोणते, हे विचारले तर माझे उत्तर सरळ आहे. कापलेली प्रत अधिक वाईट. मूळ प्रत चुकीच्या सुरात का होईना, पण खरे सांगते. विष प्यायलास, डोळे गेले. कापलेली प्रत सांगते की विष प्यायलास, जिंकलास, काही झाले नाही. दीड तासभर बापाने जे बजावले, बाजाराने, मद्यपानाच्या त्या रात्रीने आणि निखाऱ्यांनी जे पायरी पायरीने सिद्ध केले, ते सगळे कात्रीच्या एका फटक्याने खोटे ठरले. वाईट विनोद मुलाला समजावून सांगता येतो. जे दाखवलेच नाही ते कसे समजावणार?

माझी तक्रार हाँगकाँगवाल्यांविरुद्धही आहे, पण वेगळी. ज्यांना निखाऱ्यावरची वेदना इतकी खरी दाखवता आली, त्यांना शेवटचे अर्धे मिनिट गंभीर राहता आले असते. बाप वैद्य आहे. घरात दवाखाना आहे. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधणारा बाप, एवढे एक दृश्य पुरले असते. हसण्यासाठी अडीच मारामाऱ्या आधीच दिल्या होत्या.

हे सर्व असूनही हा चित्रपट पाहावा असेच मी म्हणेन, आणि मुलांना एकटे न सोडता बरोबर बसून पाहावा. अगदी लहानांना नको. बारा-तेराच्या पुढच्यांना हरकत नाही. शक्य तर मूळ, न कापलेली प्रत मिळवावी. मारामारी चालू असताना मुलांना गप्प करू नका. त्यांना कॅमेऱ्याचे, कोलांट्यांचे कौतुक करू द्या, ते कौतुकास पात्रच आहे. संपल्यावर मात्र दोन प्रश्न विचारा. पहिला, बाटल्या कोणी फेकल्या? दुसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी फेई-हुंगचे काय झाले असेल? आमच्या घरी दुसऱ्या प्रश्नावर बराच वेळ वाद चालला, आणि त्या वादात मिथेनॉलचे सगळे रसायन पोरांनी माझ्याकडून काढून घेतले. शाळेच्या पुस्तकाने ते त्यांच्या डोक्यात शिरले असते की नाही, मला शंका आहे.